गरोदरपणात बेंबीभोवती खाज आणि पाण्याचे फोड: पेम्फिगॉइड जेस्टेशनिस ओळखण्यापासून बाळंतपणापर्यंत

गरोदरपणी पोटाला खाज सुटणे ही इतकी सर्रास गोष्ट आहे की घरीच काय, दवाखान्यातही तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पोट ताणले जाते, कातडी कोरडी पडते, खोबरेल तेल लावले की बरे वाटते, आणि बहुतेक जणींच्या बाबतीत एवढेच खरे असते. पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत बेंबीभोवती झोप उडवणारी खाज सुरू झाली, तिच्यामागोमाग लाल गांधी उठल्या आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी त्यांवर पाण्याने तट्ट भरलेले फोड आले, तर हा क्रम पेम्फिगॉइड जेस्टेशनिस या स्वयंप्रतिकार आजाराचा असू शकतो. आजार दुर्मिळ आहे. साधारणपणे वीस ते पन्नास हजार गरोदरपणांत एकदा तो दिसतो असे मानले जाते. तो वेळेत ओळखला तर आटोक्यात ठेवता येतो. माझ्या मते यात बाईचे हाल लांबतात ते मुख्यतः दोन कारणांनी: बायोप्सीचा नमुना चुकीच्या द्रावणात जातो, किंवा स्टेरॉइडच्या धास्तीने गोळी मनानेच बंद केली जाते. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

आजार नेमका कशामुळे होतो

त्वचेचा वरचा थर आणि खालचा थर काही प्रथिनांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात, गोधडीचे पदर टाक्यांनी धरून ठेवावेत तसे. त्यांतल्या एका प्रथिनाचे नाव बीपी १८० किंवा कोलॅजन १७. हेच प्रथिन वारेतही असते. गरोदरपणात काही स्त्रियांच्या प्रतिकारशक्तीला वारेतले हे प्रथिन परके वाटते आणि शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडे रक्तातून त्वचेपर्यंत पोहोचली की तिथलेही टाके उसवतात, दोन थरांमध्ये पाणी साचते आणि फोड येतो. फोडाचे छत जाड असल्यामुळे तो लगेच फुटत नाही. यात कोणताही जंतू किंवा विषाणू नाही, त्यामुळे हा आजार नवऱ्याला, मोठ्या मुलाला किंवा सेवा करणाऱ्या कुणालाही लागत नाही. लंडनच्या जॉन लॉज मिल्टन यांनी १८७२ साली त्याला ‘हर्पिस जेस्टेशनिस’ असे नाव दिले होते आणि जुन्या कागदपत्रांत ते अजूनही आढळते; पण हर्पिसच्या विषाणूशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा तो शब्द वाचून घरात संशयाला जागा देऊ नये.

पहिली पायरी: अंगावर उठलेले नीट पाहणे

सुरुवातीच्या गांधी हुबेहूब अंगावर पित्त उठल्यासारख्या दिसतात, आणि इथेच वेळ जातो. आमसुलाचे पाणी अंगाला लावले जाते, आहारातून वांगे, अंडे, आंबट पदार्थ काढून टाकले जातात, खाज मात्र वाढतच राहते. पित्त आणि हा आजार यांतला फरक घरच्या घरी तपासण्याची एक साधी रीत आहे. एखादी ठळक गांध निवडावी, तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी, शेजारी तारीख आणि वेळ लिहावी आणि दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढावा. पित्ताची गांध काही तासांत विरते आणि दुसरीकडे उठते. चोवीस तासांनी पेनाच्या रेघेच्या आत सहसा काहीच उरलेले नसते. पेम्फिगॉइडची गांध त्याच जागी राहते, बहुधा रेघेबाहेर पसरते, आणि पुढे तिच्यावर किंवा तिच्या कडेला फोड येतात. हा फोटो जपून ठेवावा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत चित्र बदललेले असू शकते.

सुरुवात पुष्कळदा बेंबीच्या आत किंवा अगदी भोवती होते, आणि तिथून ती पोट, मांड्या, पाठ, हात, कधी तळहात-तळपाय इथवर जाते. चेहरा आणि तोंडाच्या आतली त्वचा बहुतेक वेळा वाचते. आजार पहिल्या गरोदरपणात येऊ शकतो तसाच तिसऱ्यातही, आणि काही जणींना तो प्रसूती झाल्यानंतरच्या दिवसांत प्रथम दिसतो.

दुसरी पायरी: दुसरे काही तर नाही ना

हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे, पण काय सांगायचे हे आधी माहीत असले तर त्यांचाही वेळ वाचतो. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो गरोदरपणातल्या बहुरूपी पुरळाशी. ते पुष्कळच जास्त आढळते, बहुतेकदा पहिलटकरणीला आणि शेवटच्या आठवड्यांत येते, जुळे असेल तर त्याची शक्यता वाढते, आणि ते पोटावरच्या ताणाच्या पांढुरक्या-लाल रेघांमध्ये सुरू होते. त्यात बेंबीभोवतीची जागा कोरी राहते, तर पेम्फिगॉइडमध्ये नेमकी तीच आधी धरली जाते. म्हणून डॉक्टरांना ‘पोटावर पुरळ आहे’ एवढेच न सांगता ते बेंबीपाशी सुरू झाले की रेघांमध्ये, हे सांगावे.

अंगावर पुरळ काहीच नाही, फक्त तळहात आणि तळपायांना खाज आहे आणि ती रात्री वाढते, असे असेल तर मार्ग वेगळा. ते यकृतात पित्तरस अडल्याचे लक्षण असू शकते आणि त्याचा धोका पोटातल्या बाळाला असतो, त्यामुळे बाइल ॲसिड आणि यकृताच्या रक्ततपासण्या लगेच कराव्यात. खरूज असेल तर बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर आणि कमरेला खाज असते आणि घरात आणखी कुणीतरी खाजवत असते. कांजिण्यांत ताप येतो आणि फोड चेहऱ्यावर व डोक्यातही येतात. गरोदरपणात कांजिण्यांची शंका आली तर एक दिवसही थांबू नये.

आपल्याकडे पोटाला-कमरेला फोडांचा पट्टा दिसला की ‘नागीण झाली’ असे म्हटले जाते. नागीण शरीराच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात येते, मधली रेघ सहसा ओलांडत नाही, आणि तिच्यात खाजेपेक्षा ठणका आणि आग जास्त असते. पेम्फिगॉइड दोन्ही बाजूंना पसरते आणि त्यात खाजच मुख्य असते. नागिणीवर लावतात म्हणून गेरू किंवा झाडपाल्याचा लेप फोडांवर थापला तर जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना मूळ त्वचा दिसतही नाही.

दोन गोष्टी मात्र तातडीच्या. तापासह अंगभर पुवाचे बारीक ठिपके उठले, किंवा तोंडात आणि योनीमार्गात जखमा झाल्या, तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे; ते दुसरे, जास्त गंभीर आजार असू शकतात.

तिसरी पायरी: निदान पक्के करणे

नाव नोंदवलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्यावी. खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसतील किंवा गावात नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग आणि स्त्रीरोग हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, आणि या आजारात ती फार मोठी सोय आहे. आशाताईंना सांगून दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत हा विषय काढता येतो. तिथले डॉक्टर जोखमीची गरोदर म्हणून पुढे पाठवू शकतात.

निदानाचा कणा म्हणजे त्वचेची बायोप्सी. जागा बधिर करून साधारण चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका घालतात, आणि हे गरोदरपणात सुरक्षितपणे करता येते. तुकडे दोन लागतात. एक फोडाचा, जो फॉर्मलिनमध्ये जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या, न फुटलेल्या त्वचेचा, जो डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स या तपासणीसाठी असतो. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की तपासणी वायाच गेली, कारण जी प्रतिपिंडे आणि प्रतिकारशक्तीची पूरक प्रथिने शोधायची तीच त्यात खराब होतात. तो मिशेल्स नावाच्या द्रावणात पाठवायचा असतो, ज्यात तो काही दिवस बर्फाशिवायही टिकतो. ते द्रावण नसेल तर साध्या सलाइनमध्ये ठेवून साधारण चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. तालुक्याच्या गावी नमुना काढून पुण्या-मुंबईला कुरियरने जाणार असेल तर बायोप्सीच्या आदल्या दिवशी प्रयोगशाळेकडून मिशेल्सची बाटली आली आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. दोन बाटल्यांवर वेगवेगळी लेबले लावली आहेत का, हे नातेवाइकाने डोळ्यांनी पाहिले तरी चालेल. डॉक्टरांना त्याचा राग येण्याचे कारण नाही.

अहवालात दोन थरांच्या सीमेवर ‘सी-३’ या पूरक प्रथिनाची सलग रेघ दिसली की निदान जवळपास नक्की होते. सोबत आयजी-जी हा प्रतिपिंडाचा प्रकार दिसेलच असे नाही, आणि ते दिसले नाही म्हणून आजार नाही असेही होत नाही. रक्तातून बीपी १८० विरुद्धची प्रतिपिंडे मोजण्याची एलायझा तपासणीही असते. बायोप्सीला पर्याय म्हणून किंवा पुढे आजाराचा जोर पाहण्यासाठी ती उपयोगी पडते. या रुग्णांमध्ये ग्रेव्हज हा थायरॉइडचा आजार अधिक आढळतो, म्हणून थायरॉइडची तपासणी एकदा करून घ्यावी.

चौथी पायरी: उपचार, आणि स्टेरॉइडची धास्ती

आजार थोड्या जागेपुरता असेल तर तीव्र स्टेरॉइड मलम आणि खाजेची गोळी एवढ्यावर भागते. क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन, लोराटाडिन ही औषधे गरोदरपणात बऱ्याच वर्षांपासून वापरली जातात. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. मलमाचे माप असे असते: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन पंजांएवढ्या त्वचेला पुरते. संपूर्ण गरोदरपणात तीव्र मलम ३०० ग्रॅमच्या वर, म्हणजे ३० ग्रॅमच्या दहा ट्यूबांहून जास्त वापरले गेले तर बाळाचे वजन कमी राहण्याशी त्याचा संबंध आढळला आहे, म्हणून रिकाम्या ट्यूबा फेकण्याआधी मोजाव्यात. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे इथे अजिबात वापरू नयेत.

फोड पसरले की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लागतात. सुरुवात सहसा वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीला ३० मिलिग्रॅम, आणि गरजेनुसार ती वाढवली जाते. ‘स्टेरॉइड बाळाला जाईल’ ही भीती स्वाभाविक आहे, पण सगळी स्टेरॉइडे सारखी नसतात. वारेतले एक विकर प्रेडनिसोलोनचा बराचसा भाग निष्क्रिय करते आणि बाळापर्यंत साधारण दहावा हिस्साच पोहोचतो. डेक्सामेथासोन आणि बेटामेथासोन मात्र वार ओलांडून सरळ जातात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांची प्रसूती होण्याची शक्यता असेल तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून डॉक्टर मुद्दाम त्यांचीच इंजेक्शने देतात. दुकानदाराने ‘एकच आहे’ म्हणून एकाऐवजी दुसरी गोळी दिली तर ती घेऊ नये.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी. नवे फोड येणे थांबले आणि खाज उतरली की मात्रा पायऱ्यापायऱ्यांनी उतरवली जाते. तीन-चार आठवडे घेतलेली गोळी अचानक बंद केली तर आजार उसळतोच, शिवाय शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्षमता तोवर मंदावलेली असल्यामुळे थकवा, उलट्या, रक्तदाब उतरणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. उलट्यांमुळे दोन-तीन दिवस गोळी पोटात टिकली नाही तरी हाच धोका असतो, तेव्हा दवाखान्यात जावे.

गोळी चालू असताना रक्तदाब आणि साखर यांवर बारीक नजर लागते. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर तपासतात आणि ती १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी आधी झालेली असली तरी स्टेरॉइड सुरू केल्यावर पुन्हा करावी. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल किंवा स्वतःला कधी क्षय झाला असेल तर तो स्टेरॉइड सुरू करण्याआधी सांगावा. कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, मात्र लोहाच्या गोळीबरोबर नाही. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

एवढ्यानेही आजार आवरला नाही तर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, ॲझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन असे पुढचे पर्याय मोठ्या रुग्णालयात वापरले जातात. मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट आणि सायक्लोफॉस्फामाइड ही त्वचेच्या स्वयंप्रतिकार आजारांत एरवी दिली जाणारी औषधे मात्र गरोदरपणात टाळली जातात.

पाचवी पायरी: घरची निगा

फोडांचे छत सोलू नये. मोठा, दुखरा फोड परिचारिकेकडून निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढून घ्यावे आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी, कारण तीच खालच्या जखमेला झाकते. ओल्या जागेवर साध्या व्हॅसलिनचा थर आणि न चिकटणारी पट्टी पुरते. आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात करावी; उटणे, जंतुनाशक द्रव आणि कडुनिंबाचा काढा दूर ठेवावा.

सर्वांत जास्त त्रास परकराच्या नाडीचा होतो, कारण ती नेमकी फोडांच्या रेषेत कमरेवर कसली जाते. बाळंतपण होईपर्यंत सैल सुती गाऊन घालावा. डोहाळजेवणाचा कार्यक्रम रद्द करण्याची गरज नाही, पण फुलांचे दागिने तारेने गुंफलेले असतात आणि दंडावर, मनगटावर घासतात, तेव्हा ते ओटीत ठेवून फोटो काढले तरी हौस होते. आहारात पथ्य असे काही नाही. प्रथिने, भाज्या, फळे कमी करून आजार कमी होत नाही, आणि स्टेरॉइड चालू असताना फक्त साखर-मिठाला आवर घालावा.

सहावी पायरी: बाळावर लक्ष

या आजारात वारेचे काम थोडे कमी पडू शकते, त्यामुळे बाळ कमी वजनाचे होण्याची किंवा दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याची शक्यता वाढते. आजार लवकरच्या महिन्यांत सुरू झाला असेल आणि फोड पुष्कळ असतील तर ही शक्यता जास्त. त्याचा दोष स्टेरॉइडच्या गोळीवर ढकलून ती थांबवणे उलटे ठरते. दर तीन-चार आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी, गरज वाटल्यास डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष असावे. हालचाल मंदावली, पाणी गेले, डोके दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, ताप आला किंवा फोडांतून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सातवी पायरी: माहेर, प्रसूती आणि बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या पद्धतीमुळे सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर बदलतात, आणि गोळीची मात्रा कमी करण्याचे वेळापत्रक मधल्या मध्ये हरवते. जाण्याआधी दोन्ही डॉक्टरांचे बोलणे करून द्यावे आणि फाइलीच्या पहिल्याच पानावर निदान, बायोप्सीचा अहवाल, चालू मात्रा आणि गोळी कधी सुरू झाली ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. या आजारासाठी म्हणून सिझेरियन लागत नाही. पण स्टेरॉइड काही आठवडे चालू असेल तर प्रसूतीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे लागू शकते, आणि हे प्रसूतिगृहातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना त्या पहिल्या पानावरूनच कळते.

शेवटच्या आठवड्यांत पुष्कळदा आजार निवल्यासारखा वाटतो आणि प्रसूतीच्या सुमारास तो पुन्हा उसळतो. सुमारे तीन चतुर्थांश जणींना हा अनुभव येतो. नेमके हेच दिवस आपल्याकडे तेलमालिश, शेक-शेगडी, धुरी आणि पोट बांधण्याचे. फोड आलेल्या अंगावर चोळणे, ऊब आणि घट्ट पट्टा या तिन्ही गोष्टी त्रास वाढवणाऱ्या आहेत. मालिशवाल्या मावशींना आणि आईला हे प्रसूतीआधीच सांगून ठेवावे, म्हणजे बाळंतिणीला त्या अवस्थेत वाद घालावा लागणार नाही. फोड पूर्ण वाळले की मालिश पुढे ढकलून करता येते.

दहांतल्या एखाद्या बाळाला आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे जन्मतः किंवा पहिल्या दिवसांत थोडे फोड येऊ शकतात. ते बहुधा सौम्य असतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात, पण संसर्ग नाही ना हे बालरोगतज्ज्ञांनी पाहिले पाहिजे, आणि तोवर बाळाला डाळीचे पीठ लावून चोळू नये. प्रेडनिसोलोनच्या नेहमीच्या मात्रेत अंगावर पाजता येते; स्तनाजवळ मलम लावले असेल तर पाजण्याआधी ते पुसून घ्यावे. आईला रिटुक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले गेले असेल तर बाळाच्या बीसीजीआधी बालरोगतज्ज्ञांना तसे सांगावे.

पुढचे महिने

बहुतेक जणींचा आजार प्रसूतीनंतर काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत शांत होतो. पाळी सुरू झाल्यावर त्या दिवसांत थोडी खाज-गांध उठू शकते, आणि संप्रेरके असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींचा आजार पुन्हा डोके वर काढतो, म्हणून कुटुंबनियोजनाचा विषय निघाल्यावर आधी तांबीचा विचार करावा. तिच्यात संप्रेरके नसतात.

पुढच्या गरोदरपणात हा आजार बहुतेकदा परत येतो, आणि आधीपेक्षा लवकरच्या महिन्यांत येण्याची शक्यता असते. एखादे गरोदरपण त्याच्याशिवायही पार पडते. दुसरे मूल नको असे यामुळे कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. प्रयत्न सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा भेटावे, आणि नाव नोंदवण्याच्या पहिल्याच भेटीत जुना इम्युनोफ्लुरोसन्सचा अहवाल दाखवावा, म्हणजे बेंबीपाशी पहिली गांध उठेल त्या आठवड्यातच मलम सुरू करता येते आणि बायोप्सी पुन्हा करण्याची वेळ सहसा येत नाही.